क्रॅशच्या कडेवर स्प्लॅश का वाजतो? ड्रम प्लगिनमध्ये कोणती नोट कुठला आवाज वाजवते हे शोधताना

प्रश्न थोडक्यात असा: रोलंडचं वापरलेलं इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट घेतलं, यूएसबीनं लॅपटॉपला जोडलं, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगिन (आत बसणारं वाद्याचं सॉफ्टवेअर) म्हणून एक फुकट मिळणारा एसएफझेड ड्रमकिट लावला. किक आणि स्नेअर व्यवस्थित वाजतात. पण हाय-हॅटच्या (पेडलवरच्या झांजांच्या जोडीच्या) कडेवर मारलं तर काहीच वाजत नाही, क्रॅश या मोठ्या झांजेच्या कडेवर मारलं की छोट्या झांजेचा ‘छिस्’ असा स्प्लॅश येतो, आणि फ्लोअर टॉमच्या रिमवर, म्हणजे काठाच्या कड्यावर, मारलं तर खुळखुळ्यासारखा कर्रर्र आवाज. मॅन्युअलमध्ये किक ‘सी २’ वर आहे असं लिहिलंय, प्लगिनच्या कागदावर ‘सी १’. मग कोणत्या नोटवर कोणता आवाज आहे हे शोधायचं कसं? आणि किट बिघडलेलं तर नाही ना?

बिघडलेलं नाही. विकणाऱ्याला फोन करून भांडू नका. तुम्ही लक्षणं इतकी नेमकी सांगितलीत की इथे बसून निदान करता येतंय. तरी पद्धत सांगतो, कारण उद्या दुसरा प्लगिन लावाल तेव्हा लक्षणं वेगळी असतील आणि पद्धत हीच लागेल. मी पंधरा-सोळा वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवला आणि आता घरातल्या एका खोलीत लोकांच्या गाण्यांचं रिदम प्रोग्रॅमिंग करतो. खाली जे आहे ते बहुतेक ठेचा खाऊन शिकलेलं आहे.

मुळात तुमच्या केबलमधून आवाज जात नाही, ‘किक’ हा शब्दही जात नाही. जातो फक्त एक आकडा, ० ते १२७ मधला, आणि सोबत किती जोरात मारलं त्याचा दुसरा आकडा. मिडीची ही भाषा १९८३ सालची आहे आणि तिला ड्रम म्हणजे काय हे ठाऊकच नाही. पियानोची पट्टी आणि ड्रमचा पॅड तिच्या लेखी सारखेच. ३६ आला तर काय वाजवायचं हे पलीकडचं सॉफ्टवेअर ठरवतं. प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं ठरवायला लागली तेव्हा १९९१ मध्ये जनरल मिडी नावाचा करार झाला, आपण त्याला जीएम म्हणू. त्यात ड्रमसाठी दहावा चॅनल ठरला आणि ३५ ते ८१ या नोट्सना एकेक वाद्य वाटून दिलं. ३६ किक, ३८ स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट, ४६ उघडी हाय-हॅट, ४९ क्रॅश, ५१ राइड. एवढे सहा तोंडपाठ असले की निम्मं काम होतं.

गंमत अशी की जीएमचा करार करताना इलेक्ट्रॉनिक किटच्या पॅडला दोन-दोन, तीन-तीन जागा असतील असं कुणी धरलंच नव्हतं. त्यात क्रॅश म्हणजे एक आवाज. कड वेगळी आणि मधला भाग वेगळा असं काही नाही. टॉमचं रिम तर नाहीच. त्यामुळे अशा जागांसाठी किट बनवणाऱ्यांनी आपल्या सोयीच्या नोट्स घेतल्या. रोलंडच्या टीडी मालिकेतल्या बहुतेक मोड्यूलची (पॅड ज्याला जोडलेले असतात त्या डब्याची) फॅक्टरी सेटिंग पाहिलीत तर क्रॅशचा मधला भाग ४९ पाठवतो, पण कड ५५. जीएममध्ये ५५ म्हणजे स्प्लॅश. झालं तुमचं ‘छिस्’. तिसऱ्या टॉमचं, म्हणजे तुमच्या फ्लोअर टॉमचं, रिम ५८ पाठवतं, आणि जीएममध्ये ५८ म्हणजे व्हायब्रास्लॅप, तेच ते लाकडी डबीतले दात खडखडवणारं वाद्य. हाय-हॅटची कड पेडल दाबलेलं असताना २२ आणि सोडलेलं असताना २६ पाठवते. हे दोन्ही आकडे जीएमच्या ३५ ते ८१ या कुंपणाच्या बाहेर, म्हणून तुमचा प्लगिन गप्प. दुसरा क्रॅश असेल तर त्याच्या कडेवर मारून बघा, ५२ जाईल आणि चायना वाजेल. पहिल्या टॉमचं रिम ५० पाठवतं, तिथे जीएमचा सगळ्यात उंच टॉम आहे. तो टॉमसारखाच वाजतो म्हणून तुमच्या कानातून सुटला असेल. दोष ना किटचा ना प्लगिनचा. दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यांची ओळख करून दिलेली नाही एवढंच.

आता ‘सी १’ की ‘सी २’ हा घोळ. नोटच्या नावातला सप्तकाचा आकडा कुठून मोजायचा यावर कंपन्यांचं एकमत नाही. नोट ६०, म्हणजे पियानोचा मधला सी, याला यामाहाच्या पद्धतीत सी ३ म्हणतात. क्यूबेस आणि एबलटन लाइव्ह या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही तेच. रोलंडकडे तोच सी ४. एफएल स्टुडिओ उघडलात तर तिथे तोच सी ५ दिसेल. म्हणजे आपली किक, ३६ नंबरची, एकाकडे सी १, दुसऱ्याकडे सी २, तिसऱ्याकडे सी ३. तुमचं मॅन्युअल आणि प्लगिनचा कागद दोघंही खरं बोलत होते.

यापायी मी एकदा अख्खी रात्र घालवली आहे. गणपतीच्या गाण्यांचं काम होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी गायक येणार. मी ट्रॅक अरेंजरला पाठवला आणि फोनवर सांगितलं, ‘‘किक सी वनवर आहे, त्याच्यावर तुमचा आवाज ठेवा.’’ त्यानं एफएलमध्ये सी १ वर आवाज ठेवला, म्हणजे १२ नंबरवर. माझ्या फाइलमधून ३६ येत होता. तो म्हणे किक येतच नाही, मी म्हणे माझ्याकडे छान येतेय. तासभर आम्ही एकमेकांच्या साउंडकार्डवर संशय घेतला. त्या दिवसापासून मी नोटचं नाव तोंडानं घेत नाही. छत्तीस, अडतीस, बेचाळीस, बस्स. तुम्हीही आकड्यातच बोला. सॉफ्टवेअर फक्त नावं दाखवत असेल तर आधी एक खुणेची नोट शोधा: ६० ला ते काय म्हणतं? मग पुढचं बोटावर मोजता येतं, बारा नोट्सचं एक सप्तक. रीपरमध्ये ही नावं वर-खाली सरकवायची सोय प्रेफरन्सेसमध्ये आहे, लॉजिकमध्येही यामाहा की रोलंड असं निवडता येतं. म्हणजे एकाच सॉफ्टवेअरच्या दोन माणसांच्या पडद्यावरसुद्धा वेगळी नावं असू शकतात.

आता शोधायला बसू. कामाला दोन टोकं आहेत: तुमचं किट काय पाठवतं आणि प्लगिन काय ऐकतो. ही दोन टोकं एकत्र तपासायची नाहीत. बहुतेक लोक इथेच चुकतात. पॅड वाजवतात, प्लगिन ऐकतात, आणि भलताच आवाज आला की दोन्हींकडे एकदम खटपट सुरू करतात.

पहिलं टोक सोपं आहे. प्लगिन बंद करा. मिडी येताना दाखवणारं एखादं छोटं सॉफ्टवेअर लावा: विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, लिनक्सवर टर्मिनलमध्ये एसेकडंप. रीपर असेल तर वेगळं काही नको, ट्रॅकवर रीकंट्रोलमिडी टाका, त्यात लॉग दाखवायची सोय आहे. मग एकेक जागा तीनदा मारा, मध्ये थांबून, आणि कागदावर लिहा. कागदावरच. स्नेअर मध्य, स्नेअर रिम, क्रॉस-स्टिक (काठी आडवी टेकवून रिमवर मारणं, यालाच साइड-स्टिकही म्हणतात), हाय-हॅट वरून बंद, वरून उघडी, कडेवरून बंद, कडेवरून उघडी, नुसतं पेडल. एका साध्या किटमधून अठरा-वीस ओळी निघतात.

लॉग वाचताना काही गोष्टी नवख्याला फसवतात. मिडी-ऑक्ससारखं सॉफ्टवेअर कच्चे आकडे दाखवतं, उदाहरणार्थ ‘९९ २४ ६४’. हे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले आकडे आहेत. पहिल्यातला डावा ९ म्हणजे ‘नोट सुरू’, उजवा ९ म्हणजे चॅनल, पण मशीन शून्यापासून मोजतं म्हणून तो दहावा चॅनल. २४ म्हणजे दोन सोळा आणि वर चार, छत्तीस. ६४ म्हणजे शंभर, मारण्याचा जोर, व्हेलॉसिटी. मी किक मारली तेव्हाची ही ओळ आहे. एसेकडंप आकडे साधे दाखवतो पण चॅनल शून्यापासूनच मोजतो, तिथे ‘९’ दिसला तर घाबरू नका, तो दहावाच.

प्रत्येक फटक्याला दोन ओळी दिसतील, दुसरीत व्हेलॉसिटी शून्य किंवा ‘नोट ऑफ’. ते ‘नोट संपली’ असं सांगणं आहे, दुसरा फटका नाही. पण एका फटक्याला दोन वेगळ्या नोट्स आल्या, समजा ३६ नव्वदच्या जोरानं आणि ४८ सहाच्या जोरानं, तर ती पॅडची चहाडी आहे. किकच्या धक्क्यानं शेजारचा टॉम हलतो आणि तोही बोलतो. वापरलेल्या किटमध्ये स्क्रू सैल असतात, हे हमखास दिसतं. कागदावर मोठ्या जोराची नोट लिहा, लहानीकडे दुर्लक्ष करा. तिचा इलाज मोड्यूलमधल्या क्रॉसटॉकच्या सेटिंगमध्ये आहे, मॅपिंगमध्ये नाही.

दुसरं टोक, प्लगिन. इथे बराच वेळ वाचवणारी गोष्ट आधी सांगतो: बऱ्याच मोठ्या ड्रम प्लगिनमध्ये मॅपिंगचं वेगळं पान असतं. ॲडिक्टिव्ह ड्रम्स, सुपीरियर ड्रमर, बीएफडी, सगळ्यांत आहे, आणि त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटसाठी तयार मॅपही असतात. असा प्लगिन असेल तर रोलंडचा मॅप निवडा आणि चहा प्या. एबलटनच्या ड्रम रॅकमध्ये आणि एफएलच्या एफपीसीमध्ये नोट आली की पॅड उजळतो, त्या पॅडची नोट कुठली तेही तिथेच बघता येतं. हायड्रोजन हे फुकटचं ड्रम मशीन मात्र साधा हिशेब करतं, यादीतलं पहिलं वाद्य ३६, दुसरं ३७, असं ओळीनं. म्हणजे यादीत वाद्य वर-खाली केलं की नोटही बदलते. हे माहीत नसेल तर माणूस वेडा होतो. ड्रमगिझ्मो हा ड्रम प्लगिन नोट आणि वाद्याची जोडी एका वेगळ्या मिडीमॅप फाइलमध्ये ठेवतो. ती साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते.

तुमचा एसएफझेडही तसाच. एसएफझेड म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, कुठली वेव्ह फाइल कुठल्या नोटवर वाजवायची हे लिहिलेला मजकूर. नोटपॅडमध्ये उघडा आणि ‘की’ या इंग्रजी शब्दाचा शोध घ्या. ‘की=३६’ अशा ओळी दिसतील, शेजारी सॅम्पलचं, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या फाइलचं, नाव. काही ठिकाणी ‘लोकी’ आणि ‘हायकी’ अशी जोडी असते, म्हणजे इथपासून तिथपर्यंतच्या सगळ्या नोट्सवर तोच आवाज. आकड्याऐवजी नाव लिहिलेलं असलं तर एसएफझेडमध्ये सी ४ म्हणजे ६० हे लक्षात ठेवा. आणि फाइल उघडल्यावर आत फारसं काही दिसलं नाही, फक्त ‘इन्क्लूड’ म्हणून दुसऱ्या फाइलींची नावं दिसली, तर त्या फाइली उघडा. मोठ्या किटमध्ये किकची एक, स्नेअरची एक अशा वेगळ्या फाइली करायची पद्धत आहे. काही जण सगळ्या नोट्स सुरुवातीलाच ‘डिफाइन’ करून ठेवतात आणि खाली डॉलरचं चिन्ह लावून नुसतं नाव वापरतात. असा माणूस भेटला तर मनातल्या मनात त्याचे आभार माना, एका जागी बदललं की काम होतं.

पण समजा प्लगिन बंद डबा आहे. मॅपिंगचं पान नाही, फाइल उघडत नाही, मॅन्युअल हरवलंय. तेव्हा माझा जुना उपाय: सगळ्या १२८ नोट्स ओळीनं वाजवणारी एक क्लिप. ती एकदाच बनवा आणि आयुष्यभर जपून ठेवा.

बनवायची अशी. चार मात्रांचा बार, म्हणजे चार-चार. नोट ० पहिल्या बारच्या पहिल्या मात्रेवर, १ दुसऱ्या मात्रेवर, असं पुढे. पहिल्या बारा नोट्स हातानं मांडा, बरोबर तीन बार होतात. त्या तीन बारची नकल चौथ्या बारवर ठेवा आणि बारा नोट्सनी वर सरकवा. आता सहा बार झाले, त्यांची नकल सातव्या बारवर, चोवीसनं वर. मग बारा बारची नकल तेराव्यावर, अठ्ठेचाळीसनं वर. चोवीस बार झाले, ९५ पर्यंत आलात. शेवटी पहिले आठ बार पंचविसाव्या बारवर ठेवून शहाण्णवनं वर न्या. बत्तीस बार, १२८ नोट्स, संपलं. सगळ्यांची व्हेलॉसिटी १००, लांबी अर्धी मात्रा. लय ६० ठेवा म्हणजे सेकंदाला एक नोट, दोन मिनिटं आठ सेकंदांत सगळा प्लगिन ऐकून होतो.

या मांडणीचा फायदा म्हणजे पियानो रोलकडे, म्हणजे नोट्स दाखवणाऱ्या खिडकीकडे, बघावंच लागत नाही. बारमधून एक वजा करा, चारनं गुणा, आणि मात्रेतून एक वजा करून मिळवा. दहाव्या बारची पहिली मात्रा: नऊ चोक छत्तीस, किक. तिसऱ्या मात्रेला अडतीस, स्नेअर. अकराव्या बारच्या तिसऱ्या मात्रेला बेचाळीस, बंद हाय-हॅट. तुमचा तो कर्रर्र पंधराव्या बारच्या तिसऱ्या मात्रेला ऐकू येईल, चौदा चोक छप्पन्न आणि दोन. ज्यांनी तबल्याच्या मात्रा मोजल्यात त्यांना हे चालता चालता जमतं.

पहिल्यांदा न थांबता ऐका, काही लिहू नका. कुठून कुठपर्यंत आवाज आहे याचा अंदाज येतो. दुसऱ्यांदा थांबत-थांबत लिहा. झांजांच्या भागात लय निम्मी करा, नाहीतर क्रॅशची शेपटी पुढच्या तीन नोट्सवर पसरते आणि नक्की कोण वाजलं ते कळत नाही. तिसऱ्यांदा व्हेलॉसिटी ३० वर आणून आणि चौथ्यांदा १२७ वर नेऊन ऐका. काही किटमध्ये स्नेअर अगदी जोरात मारला तरच रिमशॉट (मध्य आणि रिमवर काठी एकदम पडल्याचा आवाज) वाजतो, त्याची वेगळी नोटच नसते, आणि माणूस सगळीकडे रिमशॉट शोधत बसतो.

ज्या नोटवर शांतता आहे ती रिकामी आहे असं लगेच धरू नका. काही नोट्स स्वतः वाजत नाहीत पण पुढच्या नोट्सचा स्वभाव बदलतात, त्यांना की-स्विच म्हणतात. एकदा माझ्याकडे क्लिप वाजवल्यावर सगळा स्नेअर ब्रशचा झाला होता, तळातल्या कुठल्याशा नोटनं काठ्या काढून ब्रश हातात दिले होते. क्लिप सरळ वाजवली आणि मग उलटी, १२७ पासून ० कडे, वाजवली, आणि दोन्ही वेळा आवाज वेगळे आले, तर मधे की-स्विच आहे हे नक्की. काही शांत नोट्स झांज दाबून बंद करण्यासाठी असतात, त्या एकट्या वाजवून काहीच कळणार नाही. आधी क्रॅश वाजवा आणि तो घुमत असताना ती नोट द्या. आणि काही प्लगिनमध्ये उलटा प्रकार, वरच्या किंवा खालच्या सप्तकात एका नोटला अख्खा ठेका सुरू होतो. पहिल्यांदा घडलं तेव्हा मी हेडफोन काढून फेकला होता.

एकच स्नेअर पाच-सहा नोट्सवर वेगवेगळ्या उंचीनं ऐकू आला तर ते पाच स्नेअर नाहीत. एकच सॅम्पल ताणलेलं आहे, तीच ती ‘लोकी-हायकी’. त्यातला मधला, ओरिजिनल वाटणारा एक घ्या. उलट एकच नोट दर वेळी थोडी वेगळी वाजली तर तो राउंड-रॉबिन, मुद्दाम ठेवलेला, मशीनगनसारखं वाटू नये म्हणून. म्हणूनच प्रत्येक जागा तीनदा ऐकायची सवय ठेवा.

आता दोन कागद तयार झाले. एकावर किट काय पाठवतं, दुसऱ्यावर प्लगिन काय ऐकतो. जिथे जुळत नाही तिथे खूण करा. तुमच्या बाबतीत माझ्या अंदाजानं पाचेक खुणा होतील: २२, २६, ५५, ५८, आणि दुसरा क्रॅश असेल तर ५२.

बदल कुठे करायचा यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत, माझं मत पक्कं आहे. मोड्यूलमध्ये करू नका. मोड्यूल उद्या कार्यक्रमाला नेलंत आणि दुसऱ्या मशीनला जोडलंत की तिथे नवा घोळ. प्लगिनमध्ये मॅप करता येत असेल तर तिथेच करा, कारण मग रेकॉर्ड झालेली मिडी किटनं पाठवली तशी राहते आणि उद्या चांगला प्लगिन घेतलात तर त्याचा तयार रोलंड मॅप जसाच्या तसा लागतो. प्लगिनमध्ये सोय नसेल तर मधे एक नोट बदलणारा इफेक्ट बसवा. रीपरमध्ये तो ट्रॅकच्या एफएक्सच्या रांगेत प्लगिनच्या आधी ठेवा, इनपुट एफएक्समध्ये नको. इनपुट एफएक्समध्ये ठेवला तर बदललेल्याच नोट्स रेकॉर्ड होतात आणि मूळ वाजवणं कायमचं गेलं. क्यूबेसमध्ये याच कामासाठी ड्रम मॅप आहे: ‘आय-नोट’मध्ये येणारा आकडा, ‘ओ-नोट’मध्ये जाणारा. आणि दोन ठिकाणी बदल करू नका. मधेही ५५ चा ४९ केला आणि प्लगिनमध्येही काहीतरी हलवलं, तर सहा महिन्यांनी प्रोजेक्ट उघडल्यावर तुम्हालाच काही कळणार नाही.

तुमच्याकडे एसएफझेड आहे, म्हणून मी तर फाइलमध्येच करेन. आधी फाइलची नकल करून तिला वेगळं नाव द्या. उघड्या हाय-हॅटचा जो गट ४६ वर आहे त्याची नकल त्याच्याच खाली चिकटवा आणि नकलेत की २६ करा. बंद हाय-हॅटच्या ४२ ची तशीच नकल करून २२ करा. क्रॅशची नकल ५५ वर न्या आणि तिथे आधी असलेला स्प्लॅश काढून टाका किंवा कुठेतरी वर, ९० वगैरेला, हलवा. दुसऱ्या क्रॅशची, म्हणजे ५७ ची, नकल ५२ वर. टॉमच्या रिमला या किटमध्ये स्वतंत्र आवाज बहुधा नसेलच. ५८ वर त्याच टॉमचा, ४३ चा, आवाज ठेवा, किंवा मला आवडतं तसं साइड-स्टिक, ३७ वरची. व्हायब्रास्लॅप तुम्हाला लागणार नाही. मला आजवर एकदाच लागलाय, तोही एका भुताच्या एकांकिकेत.

गटाची नकल करताना ‘ग्रुप’ आणि ‘ऑफ-बाय’ या ओळी सुटू देऊ नका. उघडी हाय-हॅट घुमत असताना पेडल दाबलं की ती गप्प व्हायला हवी, ते काम याच दोन ओळी करतात. त्या सुटल्या तर कडेवरून वाजवलेली उघडी हाय-हॅट बंद हाय-हॅटच्या खाली ‘स्स्स’ करत राहील, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हे खोटं आहे.

हाय-हॅटबद्दल आणखी थोडं. ४२ आणि ४६ हे फक्त दरवाजा बंद आणि दरवाजा सताड उघडा असं आहे. खरा वाजवणारा पाय किती अलगद उचलतो त्यात सगळी मजा. त्यासाठी किट नोट्सशिवाय आणखी एक आकड्यांची धार पाठवतं, कंट्रोलर नंबर ४, म्हणजे सीसी ४. लॉग उघडा आणि नुसतं पेडल हळूहळू दाबा, आकडे वर चढताना दिसतील. तुमचा साधा एसएफझेड किट ही धार ऐकत नसला तरी मोड्यूल स्वतःच ठरवून ४२ किंवा ४६ पाठवतं, म्हणून अजून तरी काम चालतंय. पण उद्या मोठा प्लगिन घेतलात आणि हाय-हॅट कायम उघडीच वाजायला लागली, किंवा पेडल दाबल्यावर उघडी आणि सोडल्यावर बंद, तर नोट्सचं मॅपिंग धुंडाळू नका. एकतर प्लगिन दुसरा कंट्रोलर नंबर ऐकतोय, नाहीतर त्याला वाटतं मोठा आकडा म्हणजे उघडी. मॅपिंगच्या पानावरच ही दिशा उलटी करायची खूण बहुधा असते. आणि क्रॅशची कड हातानं धरून आवाज दाबता तेव्हा रोलंडची मोड्यूल नोट पाठवत नाहीत, पॉलीफोनिक आफ्टरटच, म्हणजे एकेका नोटवरचा दाब सांगणारा वेगळा संदेश, पाठवतात. मधला नोट बदलणारा इफेक्ट फक्त नोट्सचा नंबर बदलत असेल आणि आफ्टरटच जुन्याच नंबरवर राहिला, तर ५५ चा ४९ झालेला क्रॅश हातानं दाबला जात नाही. हे मला शोधायला दोन दिवस लागले.

मॅप झाला की पियानो रोलमधल्या ओळींना नावं द्या. रीपरमध्ये एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीला आधी नंबर, मग जागा सोडून नाव असं लिहून ती मिडी एडिटरमध्ये लोड करता येते. मी किटप्रमाणे एकेक फाइल ठेवतो.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो, कारण तुमच्यासारखे बरेच जण ड्रमनंतर ढोलकीकडे वळतात. ढोलकी, तबला, हलगी, संबळ यांच्यासाठी जीएमसारखा करार नाही. जीएमच्या सत्तेचाळीस आवाजांत बाँगो आहे, काँगा आहे, टिंबाल आहे, पण तबल्याचा ‘ना’ नाही. प्रत्येक लायब्ररीवाला आपल्या मनानं मांडतो: कुणी बाया खालच्या सप्तकात आणि दाया वरच्या, कुणी सगळे बोल ओळीनं. तिथे मॅन्युअलवर विसंबण्यापेक्षा ती १२८ नोट्सची क्लिपच कामाला येते, आणि कागदावर वाद्यांची नावं न लिहिता बोल लिहायचे. ता, ना, तिं, गे, के. ढोलकीचा घिस्सा शोधताना मात्र क्लिप अपुरी पडते. काही लायब्रऱ्यांत त्याची वेगळी नोट असते, काहींत तो व्हेलॉसिटीवर असतो, काहींत नोट दाबून ठेवून पिच-व्हील फिरवावं लागतं. म्हणून ‘गे’ सापडला की तिथेच थांबा, नोट दाबून धरा, आधी व्हील हलवा, मग मॉड्युलेशन, मग हळू-जोरात मारून बघा. घुम वर चढताना ऐकू आली की त्या नोटसमोर कागदावर दोनदा खूण करा.